कचेरीच्या कामाकरितां

चोरी ओळखण्याची आपली जुनी खूण म्हणजे रिकामी जागा. फडताळांतला तांब्या नाहींसा झाला, खुंटीवरचा सदरा दिसेनासा झाला, कीं घरांत चोर शिरला होता हें लहान मुलालाहि कळतें. संगणकानें ही खूणच पुसून टाकली आहे. येथें मूळ वस्तु जागच्या जागीं राहते आणि तिची हुबेहूब प्रत दुसऱ्याच्या हातीं जाते. मालकाचें फडताळ भरलेलेंच दिसतें. रिकामा राहतो तो त्याचा गल्ला, आणि तो आपल्या दृष्टीआड असतो. म्हणूनच, रस्त्यांत सांपडलेली परकी छत्री घरीं नेण्याची ज्याला लाज वाटते, तोच सद्गृहस्थ चोरट्या सॉफ्टवेअरवर निर्धास्तपणें दिवसभर हिशेब लिहितो, आणि दिवाळी अंकाची पीडीएफ सकाळच्या चहाबरोबर साऱ्या ऑफिसला वांटतो. हलवायाच्या घरावर ठेवलेलें हें तुळशीपत्र. पण वांटणाऱ्याला दातृत्वाचें समाधान मात्र पुरेपूर मिळतें!

हा प्रकार घरापेक्षां कचेरींत अधिक सहजपणें घडतो, याचें मला पुष्कळ दिवस नवल वाटत असे. घरीं मनुष्य जें घेतो तें स्वतःकरितां, त्यामुळें मनाला थोडी तरी टोंचणी लागते. कचेरींत तो स्वतःकरितां कांहींच घेत नाहीं. जें घेतो तें ‘कचेरीच्या कामाकरितां’! या दोन शब्दांची जादू विलक्षण आहे. वरिष्ठ म्हणतो, “चोरी करा असें मीं कधीं सांगितलें? काम वेळेवर हवें, एवढेंच म्हटलें.” हाताखालचा म्हणतो, “मला सांगितलें तें मीं केलें.” अशा रीतीनें दोष दोघांच्या मधल्या जागेंत बेवारशी पडून राहतो.

न्यायालयें मात्र हा दोष बेवारशी मानीत नाहींत. अमेरिकेंत लेग मेसन नांवाच्या दलालीच्या पेढीनें शेअरबाजाराविषयींच्या एका पत्रकाची एकच वर्गणी भरली होती. आलेली प्रत तिच्या अंतर्गत जाळ्यावर चढविण्यांत आली आणि एका वर्गणीवर अनेकांचें वाचन होऊं लागलें. पत्रकाच्या मालकांनीं फिर्याद केली. नोकरांनीं आज्ञा मोडून नकला केल्या असल्या, तरी तेवढ्यानें पेढीची जबाबदारी टळत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. आणि २००३ सालीं ज्यूरीनें जवळजवळ २ कोटि डॉलरांची भरपाई ठोठावली. तितक्या पैशांत किती वर्गण्या आल्या असत्या, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

एवढ्या मोठ्या रकमांपेक्षां मला एक लहानसा प्रसंग अधिक बोलका वाटतो. एका खासगी कचेरींत मी हिशेबाच्या कामावर असतांना, नकाशे काढणाऱ्या विभागांत एक तरुण नुकताच रुजू झाला होता. पहिल्याच आठवड्यांत, एका महागड्या सॉफ्टवेअरचें कुलूप तोडून तें सहा संगणकांवर बसविण्याचा त्याला तोंडी हुकूम झाला. जेवणाच्या सुटींत तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “काका, नाहीं म्हटलें तर नोकरीवर बेततें. हो म्हटलें, आणि उद्यां कोणी तपासायला आलें, तर हात कोणाचा दिसेल?”

त्याची भीति अनाठायीं नव्हती. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचें कलम ६३ बी, सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाच गुन्हेगार धरतें. धंद्यासाठीं तसा वापर झाला, तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. कलम ६९ प्रमाणें कंपनीचा कारभार पाहणाराहि दोषी ठरतो. पण गुन्हा आपल्या नकळत घडला, किंवा तो टाळण्यासाठीं आपण सर्व दक्षता घेतली होती, हें त्यानें सिद्ध केल्यास तो सुटतो. म्हणजे हुकूम तोंडी कां असतो, हें निराळें सांगावयास नको.

आम्हीं दोघांनीं मिळून एक टिपण लिहिलें. त्यांत सहा परवान्यांची किंमत मांडली, आणि शेवटीं नम्रपणें एवढेंच जोडलें कीं, परवान्यांवांचून काम करावयाचें असल्यास तसा लेखी हुकूम व्हावा. कागद तीन दिवस साहेबांच्या टेबलावर पडून होता. तोंडांतून सहज निघालेला हुकूम लेखणींतून कांहीं केल्या उतरेना! चौथ्या दिवशीं शेरा आला: दोन परवाने घ्यावे, त्या दोन संगणकांवर सर्वांनीं पाळीपाळीनें काम करावें. कचेरी बुडाली नाहीं. त्या तरुणाची नोकरी कायम होण्यास मात्र त्याच्या बरोबरीच्यांपेक्षां सहा महिने अधिक लागले.

हे सहा महिने मला विसरतां येत नाहींत. चोरट्या प्रती थांबविण्यासाठीं संगणकांना कुलुपें घालतात, सूचनांचे फलक लावतात, कर्मचाऱ्यांना व्याख्यानें देतात. तें सारें करावें. परंतु प्रामाणिकपणाचा खर्च ज्या कचेरींत सर्वांत धाकट्याच्या खात्यावर पडतो, तेथें हे उपाय वरवरचेच ठरणार. परवान्यांची रक्कम वर्षाच्या अंदाजपत्रकांत आधींच धरली, कोणती प्रत कोणाला विचारून घ्यावी हें ठरवून दिलें, तर मोहाचें निम्में बळ ओसरतें. पैसा थोडा असेल तर लिब्रेऑफिस आहे, इंकस्केप आहे; त्यांच्या कर्त्यांनीं नकलेची मोकळीक आपण होऊन दिली आहे. प्रत्येक नक्कल ही चोरी नव्हे, हेंहि खरें. स्वतःच्या अभ्यासासाठीं कायदा सवलत देतो. विद्यार्थ्यांसाठीं केलेल्या पाठ्यसंग्रहांच्या छायाप्रतींना शिक्षणविषयक सवलतीचा आधार आहे, असें दिल्ली उच्च न्यायालयानें २०१६ सालीं मानलें. पण नफ्यासाठीं चालणाऱ्या कचेरीनें विद्यार्थ्याच्या पंक्तीस जाऊन बसूं नये.

ज्याची वस्तु आपण उचलतों, तो लेखक, प्रकाशक किंवा सॉफ्टवेअर रचणारा आपल्या कचेरींत कधींच हजर नसतो. त्याच्या वतीनें तेथें बोलणारें कोणी तरी हवें. आणि तें काम सर्वांत कमी पगाराच्या माणसावर सोडूं नये.