कुंपण नसलेली बाग

वसंत पाहायला कुठे जावे, असे एखाद्या मुंबईकराला विचारले तर तो राणीच्या बागेचे नाव घेईल. पुणेकर एम्प्रेस गार्डनचे घेईल. आणि दोघांचेही बरोबरच आहे. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे असले, तरी आजोबांच्या आणि नातवाच्याही तोंडी ती अजून राणीचीच आहे. मलबार टेकडीवरची हँगिंग गार्डन १८८१ ची आणि तिच्या समोरचे म्हातारीच्या बुटाचे कमला नेहरू पार्क १९५२ चे. चाळींतल्या आणि फ्लॅटांतल्या किती पिढ्यांनी झाड म्हणजे काय हे या बागांतच पाहिले असेल! पण या साऱ्या बागांच्या दारात एक पाटी असते. 'फुले तोडू नयेत. हिरवळीवर चालू नये. बाग सायंकाळी अमुक वाजता बंद होईल.' शहरातला वसंत असा शिस्तीचा असतो. घड्याळ पाहून यावे, लांबून पाहावे आणि शिट्टी वाजली की मुलांना गोळा करून घरी जावे.

पाटी नसलेला वसंत पाहायचा असेल तर डहाणूची लोकल धरावी. २०१३ पासून ती थेट डहाणू रोडपर्यंत जाते. चर्चगेटपासून हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. विरार मागे पडले, वैतरणेचे पूल ओलांडले की खिडकीतला देखावा पालटू लागतो. डहाणूला उतरलेली बहुतेक सहलीची मंडळी पश्चिमेला वळतात. तिकडे समुद्र आहे, बोर्डीची सुरूची झाडे आहेत आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळवलेल्या घोलवडच्या चिकूच्या वाड्या आहेत. त्या वाड्यांची गर्द सावली मलाही आवडते. पण फाल्गुन लागला की माझे पाय स्टेशनाच्या पूर्वेला वळतात. इकडचा रस्ता चारोटीवरून कासा-जव्हारकडे जातो, आणि याच बाजूला रानशेत आहे.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला गावाचे नाव कानी पडताच त्याची फोड करून पाहण्याची खोड असते. रान आणि शेत! खरी व्युत्पत्ती पंडितांवर सोपवू. पण या गावी हे दोन शब्द जसे शेजारी बसले आहेत तशाच त्या दोन गोष्टीही बसल्या आहेत. शेताचा बांध कुठे संपला आणि रान कुठे सुरू झाले, हे नवख्या माणसाला सांगता येत नाही. माझा एक जुना विद्यार्थी या भागात शिक्षक आहे. त्याच्याकडे मुक्काम ठोकून मी दोन दिवस नुसता पायी हिंडलो.

भात केव्हाच कापून झालेले. खाचरांतून नुसती धसकटे उरलेली, माती भेगाळलेली. अशा उघड्या रानात बांधावरचा पळस पेटलेला असतो. अंगावर एक पान नाही आणि फांदी न् फांदी केशरी! त्याच्यावर मैना, बुलबुल आणि कोतवाल यांची सकाळपासून मधासाठी झुंबड. थोडे पुढे गेले की काटेसावर भेटते. तिची जाड, लाल फुले पटापट खाली पडतात आणि शेळ्या ती चवीने खातात. लांबून पाहावे तर एक झाड तांबड्या फुलांनी डवरल्यासारखे दिसते. जवळ गेल्यावर कळते की ती फुले नव्हेतच, कोशिंबाची नवी पालवी आहे. करवंदीच्या जाळीत पांढऱ्या चांदण्या फुललेल्या, आणि कुठूनतरी तांबट पक्ष्याची टुक्‌टुक् तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तशी अखंड चाललेली. साग मात्र या सोहळ्यात भाग घेत नाही. तो पाने झाडून स्वस्थ उभा राहतो. त्याचा मोहोर पावसाळ्यातला.

दुपारी एका खाचराच्या कोपऱ्यात धूर दिसला. शहरातल्या माणसाला धूर दिसला की वणव्याची शंका येते. तो वणवा नव्हता, राब होता. हिवाळ्यात ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटायच्या, त्या वाळल्या की खाचराच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत असे थर देऊन पसरायच्या, वर माती भुरभुरायची आणि उन्हाळ्यात सावकाश जाळायच्या. तण जळते, राख मातीत मिसळते आणि पहिल्या पावसानंतर त्याच तुकड्यावर भाताचे किंवा नागलीचे रोप तरारून येते. म्हणजे रानाची फांदी शेताची माती होते! सर्वांगाने छाटलेला तो ऐन पाहून आपल्याला हळहळ वाटते. पण पावसाळ्यात त्याला पुन्हा धुमारे फुटतात. खोडाला कुऱ्हाड लावायची नाही, फांदी तेवढी घ्यायची, हा त्यातला हिशेब.

हा हिशेब गोऱ्या सरकारच्या जंगलखात्याला पटला नव्हता. राखीव जंगलाच्या रेघा आखल्या गेल्या तेव्हा राबाची फांदी हा गुन्हा ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की सरकारला १८८५ साली मुंबई इलाख्याचे वन आयोग नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली निघाला. एका फांदीसाठी केवढा हा कागदी पसारा, असे आपल्याला वाटते. पण ज्याचे वर्षाचे भात त्या फांदीच्या राखेवर उभे राहते, त्याला तसे वाटण्याची सोय नसते.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याने मला अंधारातच उठवले. "सर, मोह पाहायचा तर आत्ताच. ऊन चढले की संपले." उजाडता उजाडता आम्ही एका मोठ्या झाडाखाली जाऊन पोचलो. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून गळू लागतात. फिकट पिवळी, रसाने भरलेली, मण्यासारखी फुले, 'टप्... टप्' असा त्यांचा आवाज. हवेत गोड, जरासा आंबूस वास कोंदलेला. झाडाखालचा पाचोळा अगोदरच झाडून, जाळून जमीन अंगणासारखी स्वच्छ केलेली होती आणि एक वारली म्हातारी टोपली घेऊन वेचत होती. सोबत तिची नात.

"आजी, जरा बसू का इथे?" मी विचारले.

"बस ना गुरुजी," ती म्हणाली. "फुलांवर नको, तिकडे मुळीवर बस."

मी मुळीवर बसलो. वेचता वेचता ती बोलत होती, आणि तिचे न कळलेले शब्द माझा विद्यार्थी समजावून देत होता. फुले वाळवून ठेवायची. पावसाळ्यात घरात धान्य कमी पडले की ती शिजवून खायची, बैलांनाही घालायची. पुढे फळे धरली की बियांचे तेल काढायचे. दारूचे नाव तिने काढले नाही आणि मीही विचारले नाही. झाड सासऱ्याच्या वेळेपासून यांच्या घरचे. गावात कुणी दुसरा या झाडाखाली टोपली टेकत नाही.

"मग झाड तुमच्या पट्ट्यात आले असेल," मी म्हणालो.

वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि पिढ्यान् पिढ्या कसलेल्या वनजमिनीचे पट्टे आदिवासींना मिळू लागले, हे मला ठाऊक होते. तिच्याही घरी पट्ट्याचा कागद आला होता. पण अर्ज होता दोन एकरांचा आणि कागद आला वीस गुंठ्यांचा. मोजणीची रेघ खाचराच्या कडेने गेली आणि मोह रेघेच्या पलीकडे राहिला.

"मग आता झाड कुणाचे?"

तिने वर झाडाकडे पाहिले, मग टोपलीकडे. "फुलां तं मीच येचते," ती म्हणाली आणि पुन्हा खाली वाकली.

परतताना विद्यार्थी म्हणाला, "सर, कायद्याने फुले तिचीच आहेत. गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. पण शेत पोटाला पुरेल एवढे हवे ना!" मला या फुलांच्या कायद्याचा जुना इतिहास आठवला. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडीच्या झाडावर कर बसला. पुढे १८९२ साली मुंबई सरकारने खास मोहासाठी कायदा केला आणि ठाणे-कुलाब्यात मोहाची फुले गोळा करणे, साठवणे यांवर बंधने घातली. लोकांनी घरची दारू सोडून सरकारमान्य गुत्त्यावर जावे, हा त्यामागचा महसुली हेतू. झाडावरून आपोआप गळून पडणारे फूल उचलायलाही मुभा नाही! स्वातंत्र्यानंतरही मोहफुलांवरचे निर्बंध दारूबंदीच्या नावाखाली चालू राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०२१ साली उठवले. बागेच्या दारातली आपली पाटी यापुढे फारच मवाळ म्हटली पाहिजे.

आणि तरीही रानशेतच्या आसपास वसंत हा सणाचाच ऋतू आहे. याच दिवसांत लग्ने निघतात. कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. हे भिंतीवरचे लेणे कागदावर आणून जगभर पोचवणारे जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातल्या गंजाडचे. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. त्यांच्या चित्रांत झाड, माणूस, कोंबडी आणि मुंगी यांना सारख्याच मायेने जागा मिळते. चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते. रात्री वाघाडीचा पुजारी डोंगराच्या सुळक्यावर ध्वज चढवतो. हा ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून धावणाऱ्या मोटारींतल्या किती जणांना त्या ध्वजाकडे मान वर करून पाहायला सवड होत असेल?

रान तेवढे सुंदर आणि माणसे तेवढी दुबळी, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. या डोंगरांतल्या वारल्यांनी १९४५ ते १९४७ या काळात गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी ही त्यांची मागणी होती. तो इतिहास 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या कपाटातही असेल. आज उन्हात पिवळे धमक चमकणारे गवत पाहताना तो अडीच रुपयांचा आकडा आठवला की देखावा बदलतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ याच तालुक्यातल्या कोसबाडला १९५७ साली आल्या. गुरे सोडून मुले शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. रान आहे तसे मान्य करून त्यात काम कसे करावे, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. कारखान्यांच्या जागेला मर्यादा घातली. वाड्या, हिरवे पट्टे आणि आदिवासींच्या जमिनी यांचा वापर बदलू नये असे सांगितले. तीस वर्षांहून अधिक काळ या एका कागदाने पुष्कळ झाडे राखली. आता किनाऱ्यावर वाढवण बंदर येत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. बंदर आले की रस्ते येतात, गुदामे येतात, जमिनीचे भाव चढतात. रानशेत समुद्रापासून दूर असले तरी भाव काही समुद्रापाशीच थांबत नाहीत. वीस गुंठ्यांच्या रेघेबाहेरच्या त्या मोहाचे तेव्हा काय होईल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमारास इकडची भातकापणी उरकत आलेली असेल. वाघबारस झाली, दिवाळी झाली की इथली कित्येक कुटुंबे पोराबाळांसह वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला निघतात. आपल्या घरांच्या विटांत त्यांचा हिवाळा गेलेला असतो. शिमग्याला ती परत येतात, आणि त्याच वेळी पळस फुलतो. म्हणून रानशेतला शिमग्याच्या सुमारास जा. मुलांना बरोबर न्या. पळसाला पाने तीन, ही म्हण त्यांना फांदीला हात लावून मोजू द्या. प्लास्टिकचा कचरा पिशवीतून परत आणा. वाटेत कुणी ताडगोळे विकत असेल तर घासाघीस न करता घ्या. आणि पहाटे मोहाखाली कुणी वेचत असेल, तर फुलांवर पाय न देता मुळीच्या बाजूने जा.