बोटीवरचे व्याकरण

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर इंग्रजीचा अभ्यास परीक्षेसाठी होतो, तसाच बोटीवरच्या नोकरीसाठीही होतो. व्याकरण दोन्हीकडे तेच असले, तरी त्यातील कोणता भाग आधी घोटून घ्यावा याचे उत्तर मात्र निराळे येते. शालेय अभ्यासाला तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे वळण जुने असून त्यात 'अ', 'अॅन', 'द' ही उपपदे पुष्कळ वेळ खातात, कारण मराठीत तशी उपपदे नसल्याने ती कानाला सहजी लागत नाहीत.

जहाजावरील संभाषणासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये प्रमाण वाक्यांचा जो संच स्वीकारला, त्यात ही उपपदे बऱ्याचदा गाळलेलीच आढळतात, कारण ती नसल्याने अर्थ अडत नाही. जेथे अर्थ अडतो, तेथे मात्र हा संच अत्यंत काटेकोर आहे. 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड', 'कॅन' ही साहाय्यक क्रियापदे, म्हणजे मुख्य क्रियापदाला परवानगी, शक्यता वा सल्ल्याची छटा देणारे शब्द, तो टाळायला सांगतो. 'यू मे एंटर' हे उत्तर परवानगीचे की शक्यतेचे, हे रेडिओवर कळत नाही. म्हणून 'आन्सर' ही संदेशखूण, म्हणजे पुढील वाक्याचा प्रकार आधीच सांगणारा शब्द, उच्चारून 'यू हॅव परमिशन टु एंटर' असे म्हणावयाचे असते. 'जहाज आत येऊ शकते' या मराठी वाक्यातही परवानगी, क्षमता आणि शक्यता एकत्र नांदत असल्यामुळे मराठी विद्यार्थ्याला 'मे'मधील संदिग्धता खटकत नाही आणि ती मुद्दाम दाखवून द्यावी लागते.

नकारार्थी प्रश्नाची अडचण याच्या उलट आहे. 'इंजिन तयार नाही का?' असे विचारल्यावर मराठी माणूस 'हो, नाही' म्हणून प्रश्नकर्त्याच्या समजुतीला दुजोरा देतो, तर इंग्रजीत तेथे 'नो' हवे असते. नुसते 'येस' ऐकू गेले तर इंजिन तयार असल्याचा समज होतो. यावर उपाय म्हणून 'येस' किंवा 'नो' यांच्या पाठोपाठ पूर्ण वाक्य उच्चारण्याचा नियम आहे, आणि सरावात ही सवय जिभेवर बसेपर्यंत तोंडी प्रश्नोत्तरेच घ्यावी लागतात; वहीतील लेखन येथे फारसे उपयोगी पडत नाही.

शब्दसंग्रहाबाबतही असेच आहे. शाळेत समानार्थी शब्द जमवणे हा गुण मानला जातो, परंतु जहाजावर एका वस्तूला एकच नाव असावे लागते. आकड्यांच्या उच्चाराचीही रीत अशीच ठरलेली आहे: १५० हा आकडा 'वन-फाइव्ह-झिरो' असा सुटा उच्चारतात. सुकाणूचा कोन सांगताना मात्र 'फिफ्टीन' असे अखंड म्हणतात, आणि सुकाणू धरणारा खलाशी तो हुकूम जसाच्या तसा परत म्हणतो.

अर्थात नोकरीचा करार वाचण्यास किंवा मुलाखत देण्यास एवढे इंग्रजी पुरत नाही आणि उपपदांकडे कधीतरी वळावेच लागते. न्हाव्यासारख्या ठिकाणी, जेथे टी. एस. रहमान ही नौकानयनाचे शिक्षण देणारी संस्था आणि १९८९ मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर जवळजवळ आहेत, तेथील शिकवणीत आधी होकार-नकार, मग परवानगी व हेतू, त्यानंतर आकडे आणि शेवटी उपपदे असा क्रम ठेवणे त्यामुळे अधिक सयुक्तिक ठरते.