आजीच्या फोटोवरचे डाग



माझ्या कार्यालयाच्या भिंतीवर आजीचा एक जुना कृष्णधवल फोटो आहे. "मॅडम, हा असा तपकिरी का झाला?" असे मुले विचारतात. उत्तर देताना मला थोडी लाज वाटते, म्हणून आज लिहूनच टाकते.

माझे शिक्षण इंदूरला, बी.एस्सी.पर्यंत हिंदी माध्यमातून झाले. सुट्टी मात्र बेळगावला, कॅम्पात मामांकडे. मामांना फोटोचा छंद होता. रात्री न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड लावायचे, लाल दिवा लावायचा आणि फळीवर तीन ट्रे मांडायचे. पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात अ‍ॅसिटिक आम्लाचे पाणी, तिसऱ्यात हायपो. १९८८ च्या मे महिन्यात त्यांनी मला हे काम शिकवले.

माझ्या पहिल्या सगळ्या प्रिंटवर डाग पडले. मी आधी विहिरीच्या पाण्याला दोष दिला, मग कागदाला. मामा म्हणाले, "पाण्यावर कशाला ढकलतेस? डाग कुठं पडलाय ते आधी बघ की!"

डाग बोटाच्या आकाराचा असेल तर हात धुतलेले नाहीत. सगळा कागद पिवळट असेल तर डेव्हलपर जुना होऊन चहासारखा झाला आहे. मध्येच ठिगळासारखा डाग असेल तर हायपोत प्रिंट एकमेकींना चिकटल्या, तिथे हायपो पोचलाच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, हा त्यांचा नियम. माझा दोष बोटांचा निघाला. हायपोचे हात मी तसेच डेव्हलपरमध्ये घालत होते.

मग आजीचा फोटो केला. डाग एकही नाही! आता प्रिंट तासभर वाहत्या पाण्यात धुवायची होती. मामा झोपायला गेले होते, नळाचे पाणी बारीक झाले होते आणि मला झोप अनावर झाली होती. पाच-दहा मिनिटांत मी प्रिंट काढून वाळत घातली. सकाळी मामांनी विचारले, "नीट धुतलीस ना?" मी "हो" म्हणाले.

प्रकाश न लागलेले चांदीचे क्षार हायपो विरघळवतो, पण काम झाल्यावर तो कागदातून निघून जावा लागतो. राहिला तर त्यातले गंधक हळूहळू चांदीला धरते आणि सिल्व्हर सल्फाइड तयार होते. चांदीचे पैंजण काळे पडतात, त्याचेही कारण हेच. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ही क्रिया आणखी लवकर होते. हे काही नवे ज्ञान नव्हते. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, नारायण दाजी तिचे सभासद होते. त्यानंतर वर्षभरात, १८५५ मध्ये, फोटो फिके का पडतात हे शोधायला लंडनमध्ये एक समिती बसली आणि तिने मुख्य कारण म्हणून कागदात राहिलेल्या हायपोकडेच बोट दाखवले.

काही वर्षांनी आजी गेली. तोवर फोटोच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि निगेटिव्हला बुरशी लागली होती. दुसरी प्रिंट काढणे शक्य नव्हते. मामा फोटोकडे पाहत म्हणाले, "माझाच हायपो जुना असणार." मी तेव्हाही गप्प बसले. आता मामाही नाहीत. फोटो मामींनी माझ्याकडे दिला.

आपल्या संगणक शिक्षकांनी तो स्कॅन करून डाग काढून दिले आहेत. ती प्रत मी घरी नातवंडांसाठी ठेवली. भिंतीवर मात्र डाग पडलेलाच राहू दिला आहे.

मुलांनो, धुणे राहिलेल्या प्रिंटवर पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. काही राहून गेले असेल तर ते त्याच दिवशी सांगा. त्या सकाळी मी खरे बोलले असते, तर मामांनी प्रिंट पुन्हा पाण्यात घातली असती, इतकेच.

तुमची,
मुख्याध्यापिका