तीनच्या आत

आमच्या घरात प्रवास म्हणजे यात्रा कंपनी. बसच्या पोटात गॅसच्या टाक्या, पातेली, कणकेची पोती, सोबत आपलेच आचारी. रामेश्वर असो की कन्याकुमारी, रात्री ताटात वरण-भात, पोळी आणि बटाट्याची भाजी पडणार. पैसे आधीच भरलेले असतात, त्यामुळे परमुलखात माणसाला जेवायला किती पडतात हे आमच्याकडे कुणाला ठाऊकच नव्हतं. यंदा मी आणि मावशी कंपनीशिवाय निघालो. मदुराई, तंजावर आणि श्रीरंगम. रेल्वेची तिकिटं काढून झाली होती, राहण्याची सोयही ठरली होती. कमी-जास्त करता येईल असा एकच खर्च हातात उरला होता, तो पोटाचा.

गाडीतला प्रश्न दशम्या, लसणीची चटणी आणि दाण्यांनी सोडवला. शिवाय आता बऱ्याच मोठ्या स्टेशनांवर जनरल डबे थांबतात तिथे फलाटावर 20 रुपयांत पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचं मिळतं. ते फक्त जनरल डब्यांसाठी असेल असं मला वाटत होतं. मावशीनं सरळ जाऊन दोन पाकिटं आणली.

खरा गोंधळ मदुराईला सुरू झाला. दुपारचा एक वाजला होता, मीनाक्षी मंदिराजवळच्या एका साध्या हॉटेलात बसलो आणि मी डोसा मागितला. वाढपी म्हणाला, "नो डोसा. मील्स." मग इडली? नाही. उत्तप्पा? नाही. तमिळनाडूत आलो आणि डोसा नाही, हे मला कळेचना. शेजारच्या टेबलावर, पलीकडे, अगदी दारापर्यंत सगळ्यांपुढे केळीची पानं होती आणि पानावर भात. संध्याकाळी त्याच हॉटेलात गेलो, तर डोसे निघत होते आणि भाताचं नाव नव्हतं.

तिथल्या जुन्या पद्धतीच्या हॉटेलांना घड्याळ असतं. सकाळी टिफिन म्हणजे इडली, पोंगल, वडा. साडेअकरा-बारापासून तीनपर्यंत मील्स. चारनंतर पुन्हा टिफिन, तो रात्रीपर्यंत. हे समजायला मला थोडा वेळ लागला, पण एकदा समजल्यावर आमचा सगळा खर्चच बदलला. दुपारी स्वयंपाकघरात एकच भात, एकच सांबार, एकच रसम शेकडो माणसांसाठी शिजतं. कुणासाठी वेगळं काही करायचं नसतं, म्हणून किंमत खाली राहते आणि वाढप्याला पुनःपुन्हा वाढायला जड जात नाही. रात्री मात्र प्रत्येक डोसा तव्यावर स्वतंत्र पडतो आणि बिलात स्वतंत्र येतो. डोसा, वडा, आणखी एक डोसा, कॉफी असं करता करता दोघींचं रात्रीचं बिल दुपारच्या पुढे जाई, आणि पोट तितकं भरलेलं नसे.

मावशी घरचा हिशोब वहीत ठेवते, ती वही तिनं बरोबर आणली होती. दुसऱ्या दिवशी तिनंच सांगितलं, "अगं, आपण उलटं खातोय. आपल्याकडे बायका दुपारी काहीतरी तोंडात टाकतात आणि रात्री स्वयंपाक करतात. इथं दुपारीच जेवून घेऊ." तेव्हापासून बारा-साडेबाराला पानावर बसायचं असं ठरलं.

पानावरचं जेवण मला पहिल्यांदा नीट उमगलं नाही. मी पोळीची वाट बघत होते. पोळी येत नाही, भात येतो. आधी सांबारबरोबर, मग रसमबरोबर, शेवटी ताकाबरोबर किंवा दह्याबरोबर. बाजूला पोरियल म्हणजे खोबरं घातलेली परतून केलेली भाजी, कूट्टु म्हणजे डाळ घालून शिजवलेली भाजी, अप्पळम म्हणजे पापड, लोणचं, कधी थोडंसं पायसम. तोच भात तीन वेळा कसा खायचा, हा माझा प्रश्न होता. पण रसमभातापर्यंत पोचले आणि थांबावंसं वाटेना. मिऱ्याची, जिऱ्याची ती आंबट कढत धार पोटात गेली की थकवा उतरतो. शेवटी ताकभात आला तेव्हा मावशी म्हणाली, "हे मात्र आपलंच."

आम्ही बसायचो त्या खानावळीत हे सगळं शंभर-सव्वाशे रुपयांत होत होतं. वरच्या मजल्यावर वातानुकूलित खोली होती. स्वयंपाकघर तेच, सांबार तेच, किंमत बरीच जास्त. फळ्यावर दोन प्रकार असतात: पोटभर वाढणारे मील्स आणि मापाचे मील्स. मापाचे स्वस्त, पण पुन्हा वाढत नाहीत. मावशीला मापाचे पुरत, मला नाही. एका पानावर दोघींनी बसायचं चालत नाही आणि ते योग्यच आहे, कारण पोटभर वाढायचं म्हणजे एका पोटाचाच हिशोब असतो. मात्र पार्सल घेतलं तर गोष्ट वेगळी. केळीच्या पानात आणि वर्तमानपत्रात बांधलेला भात, दोऱ्यानं तोंड आवळलेल्या पिशव्यांत सांबार, रसम, ताक. त्या एका पार्सलमध्ये आम्ही दोघी व्यवस्थित जेवत होतो. मंदिरं दुपारी बंद असतात, तेव्हा खोलीवर पार्सल उघडून खाणं आणि मग झोप, हा आमचा नेम झाला. रात्री दोन-दोन इडल्या पुरत. कधी मदुराईच्या गाडीवरचं गरम परुत्तिप्पाल. सरकीचं दूध, त्यात गूळ, सुंठ, वेलची. सरकी म्हशीला घालतात एवढंच मला माहीत होतं, म्हणून पहिला घोट भीतभीत घेतला. आता ते आमच्या सांगलीत मिळत नाही याचं वाईट वाटतं.

पाण्याचंही सांगायला हवं. आम्ही सुरुवातीला जागोजागी बाटल्या घेत होतो, आणि त्या तीव्र उन्हात पाण्याचा खर्च जेवणाच्या जवळ पोचला. बऱ्याच हॉटेलांत मागितलं तर गरम, उकळलेलं पाणी मिळतं. तिथली माणसंही मागतात. स्टीलची बाटली तेवढी बरोबर हवी.

मावशीची एकादशी वाटेत आली. आपल्या उपवासाचा साबुदाणा मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतल्याच सेलम भागातून येतो, आणि तिथे हॉटेलात साबुदाण्याची खिचडी शोधून सापडली नाही. तिकडे कित्येक घरांत उपास म्हणजे भात वर्ज्य, इडली-उपमा चालतो. मावशीला ते पटणं शक्य नव्हतं. तिनं तो दिवस केळी, शहाळं आणि गूळ-दाण्यांच्या चिक्कीवर काढला. केळ्यांचे घडच्या घड दुकानांना टांगलेले असतात. बोटभर लांबीची, लाल सालीची, आंबटगोड, डोंगरातली. तिच्या वहीत सगळ्यात कमी खर्चाचा दिवस तोच आहे.

तंजावरला गेलो ते सरस्वती महाल ग्रंथालय आणि मराठ्यांचा वाडा बघायला. तिथून आल्यावर मी छत्रांबद्दल वाचलं, आणि या प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचं मला तेच वाटतं. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या भोसले राजांनी छत्रं बांधली होती, म्हणजे वाटसरूंना निवारा आणि अन्न देणारी घरं. कितीतरी छत्रांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं आहेत. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजी राजांनी उभारलं. कंपनी सरकारनं राज्यकारभार ताब्यात घेतल्यावर, 1801 साली, याच सरफोजींनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून छत्रं आपल्याकडे राहावीत अशी विनंती केली. तिथे ब्राह्मणापासून सगळ्या जातींच्या वाटसरूंना अन्न मिळतं, हे त्यांनी त्यात मांडलं होतं. राज्य गेलं तरी छत्रं राखायची, या आग्रहानं मला हेलावून टाकलं. वाटेवरच्या परक्या माणसाच्या पोटाची काळजी राजाला वाटत होती.

आजही ती परंपरा दिसते. तमिळनाडूतल्या सरकारी देखरेखीखालच्या कित्येक मंदिरांत 2002 पासून दुपारच्या अन्नदानाची योजना आहे, आणि श्रीरंगमला ते दिवसभर चालतं. आम्ही तिथे पंगतीत बसलो. गरम, साधं, स्वच्छ जेवण. मदुराईत अम्मा उणवगमही आहे. 2013 मध्ये चेन्नईत सुरू झालेली ही सरकारी उपाहारगृहं. इडली 1 रुपयाला, सांबारभात 5 रुपयांना, दहीभात 3 रुपयांना. तिथे कुणीही खाऊ शकतं, कुणी विचारत नाही. मी रांगेपर्यंत गेले. पुढे हमाल होते, रस्ता झाडणाऱ्या बायका होत्या, एक म्हातारे आजोबा डबा घेऊन उभे होते. मी परत फिरले. मावशीनं विचारलं, "का गं?" मी म्हटलं, "मावशी, आपल्याला सव्वाशेचं परवडतं." ती काही बोलली नाही, पण वही मिटून चालू लागली.

स्वस्त प्रवास करणाऱ्यांना अशा जागांचे पत्ते अभिमानानं सांगताना मी ऐकलं आहे. मला ते पटत नाही. पैसे खरोखर संपले, पाकीट मारलं गेलं, तर बेधडक जा. त्या जागा अडलेल्यांसाठीच आहेत. पण हॉटेलात खोली घेऊन राहणाऱ्यानं 1 रुपयाच्या इडलीवर बचत करू नये. खर्च वाचवायला वेळ सांभाळणं, पार्सल वाटून घेणं आणि बाटली बरोबर ठेवणं पुरेसं आहे. आमचं तेवढ्यावर भागलं, आणि एकही दिवस अर्धपोटी गेला नाही.

तुम्ही श्रीरंगमला गेलात तर अन्नदानाच्या पंगतीत जरूर बसा. उठताना मात्र बाहेर जेवायला जे पडले असते, तेवढे पैसे अन्नदानाच्या हुंडीत, म्हणजे दानपेटीत, टाका.