इर्शाळगडाचे नेढे

खालापूर तालुक्यात चौकजवळ इर्शाळगड आहे. त्याच्या सुळक्यात आरपार भोक आहे. मराठीत याला नेढे म्हणतात, म्हणजे सुईचे भोक. उर्दूत हेच ‘सुई का नाका’. आम्ही वर्गात हा शब्द उच्चारला की मुलांना आधी खालापूरचा टोलनाका आठवतो!

हे नेढे माणसाने कोरलेले नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून हा खडक बनला. सगळे थर सारखे टणक नसतात. भेगांत पाणी मुरते, ऊन-पावसाने खडक सैल होतो आणि कच्चा भाग आधी झडतो. कातळाची भिंत अरुंद असली की पलीकडचे आकाश दिसू लागते. वरचा खडक मशिदीच्या कमानीसारखा आपला भार दोन्ही बाजूंना देऊन उभा राहतो. दगड दाब सोसतो, पण ताण सोसत नाही. भेगा वाढल्या की एकेक दगड निखळतो आणि एक दिवस कमान खाली येते. माल्टाची प्रसिद्ध ‘अझूर विंडो’ ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली. गॅलापागोसची ‘डार्विन कमान’ १७ मे २०२१ रोजी ढासळली. इर्शाळगडाच्या नेढ्यालाही मुदत आहे.

मात्र १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात कोसळला तो गडाखालचा उतार. ठाकर समाजाची इर्शाळवाडी झोपेतच गाडली गेली. २७ मृतदेह सापडले. ५७ जण बेपत्ता राहिले. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. मधोमध पोकळ असलेले नेढे जागेवर राहिले आणि भरीव, हिरवा दिसणारा डोंगर निसटला. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे सरकारनेच सांगितले.

म्हणून कर्जत-खालापूरच्या डोंगरकुशीत राहणाऱ्या प्रत्येक घराने काही खुणा ओळखाव्यात. जमिनीला नवी भेग पडणे, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, दारे-खिडक्या अडकू लागणे. पावसात असे काही दिसले तर यादीची वाट न पाहता आधी म्हातारी माणसे आणि लेकरे सुरक्षित जागी हलवावीत, मग तहसील कार्यालयाला कळवावे. सामान नंतर आणता येते.

गडाकडे जाणाऱ्यांनी नेढे जरूर पाहावे. वाटेत त्या वाडीची जागा लागते. तिथे फोटो काढू नयेत. दोन क्षण थांबून दुआ करावी.