कडी-कोयंडा

दिवाळीच्या तोंडावर घरोघर भिंती रंगतात; कडी-कोयंड्याची आठवण मात्र दार अडल्याखेरीज कोणाला होत नाही. आमच्या तासगावच्या घरातल्या लोखंडी कड्या आईला उचलवेनात. तिची बोटे संधिवाताने आखडली आहेत. म्हणून यंदा सुताराला बोलावले.

त्याने पुढचे दार दोन्ही हातांनी किंचित उचलून पाहिले. "गुरुजी, आतली कडी चांगली आहे. बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत, दार खाली बसलंय. मग कडी कोयंड्यात जाणार कशी?"

रुंदावलेल्या भोकांत त्याने सागाच्या चोया ठोकल्या, लांब स्क्रू पिळले. आईने कडी एका बोटाने उचलून दाखवली! न्हाणीघराला मात्र कोपराने दाबली तरी उघडेल अशी आडवी मूठ बसवली.

राहिली पुढच्या दाराची बाहेरची कडी. हातांनी घासून ती पातळ झाली आहे.

"ही तरी बदलू का?" मी विचारले.

"राहू दे रे. डोळ्यांना आता नीट दिसत नाही. कडी वाजली की कोण आलं ते कळतं. तू दोनदाच वाजवतोस, सूनबाई हळूच."

ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो, त्या दिवशी पाहुण्यांच्या राबत्यात आमचे दार सताड उघडे असते. कडीला कोणी विचारीत नाही. एरवी आमची वर्दी तीच देते. कडी तशीच ठेवली आहे. मी अजून दोनदाच वाजवतो, आणि आतून "आलास?" असे ऐकू येईपर्यंत उंबरठ्याबाहेर थांबतो.