गवताला तोंड हवं

पावसाळ्यात शर्यती पुण्याला जातात आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गवताचं राज्य येतं. घोड्यांच्या ट्रॅकवरचं गवत लाडावलेलं, मापात ठेवलेलं. मी म्हणतो ते कडेकोपऱ्यातलं, कुणी न पेरलेलं. आधी हरळी आणि लव्हाळा, मग टाकळा, केना, आणि गणपती विसर्जनापर्यंत गुडघ्याच्या वर गेलेलं, तुऱ्यावर आलेलं उंच गवत. चिंचपोकळीचा पूल आणि सातरस्ता ओलांडून मी लालबागहून संध्याकाळी इथे फिरायला येतो, ते खरं तर या गवतासाठीच. आमच्या भागात मोकळी जागा म्हणजे दोन टॉवरमधली पार्किंग.

पावसानं चार दिवस उघडीप दिली की ट्रॅक्टर येतो. ओल्यात येत नाही. ओलं गवत पात्याखाली गोळा होतं, ढिगानं पडतं आणि खालच्या हरळीचा जीव गुदमरवतं. ट्रॅक्टरमागचं यंत्र दिसायला ओबडधोबड असतं, एखादी लोखंडी खाट उलटी घालून ओढावी तसं. ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा पीटीओचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, गिअरबॉक्स तो वेग वाढवून पात्यांना देतो, आणि जाड पाती जमिनीला समांतर गरगरतात. ती बोल्टवर सैल टांगलेली असतात. दगड आडवा आला की मागे मुडपतात आणि फिरण्याच्या जोरानं पुन्हा बाहेर फेकली जातात. भिस्त धारेपेक्षा वेगावर. त्यामुळे विळ्याची ती सुबक कापणी इथे नाही. हे यंत्र फटकारतं. दुसऱ्या दिवशी वाकून पाहिलं तर शेंडे चिंध्या झालेले, पांढुरके दिसतात. वास मात्र असा सुटतो की डॉ. ई. मोझेस रोडवरच्या बसेसचा धूर विसरायला होतो.

आणि मग बगळे. ट्रॅक्टर सुरू झाला की कुठून येतात कळत नाही. गायबगळे, काहींच्या मानेवर पावसाळी केशरी रंगाची उतरती छटा अजून असते. यंत्राच्या मागे हातभर अंतर राखून, मान लांबवत, दुडक्या चालीनं ते चालतात आणि उडालेले टोळ, नाकतोडे टिपतात. त्यांच्या पिढ्यानपिढ्या गुरांच्या पायांशी गेल्या. गुरं चरताना किडे उडवतात, ते आयते खायचे. मुंबईत चरणारी गुरं फारशी उरली नाहीत, तर त्यांनी ट्रॅक्टरलाच गाय मानलं. मला यात काही विनोदी वाटत नाही. बगळ्याचा हिशेब चोख आहे: जे गवत हलवतं ते आपलं.

गवताचाही हिशेब तोच. त्याची पात वाढते ती बुडाकडून. वाढीचा भाग जमिनीलगत दडलेला असतो, म्हणून वरून कुणी खाल्लं, कापलं तरी ते पुन्हा येतं. लाखो वर्षं चरणाऱ्या तोंडांबरोबर राहिल्याचा हा गुण. तोंडच नसेल तर गवत दाटत जातं, वाळतं, खालचं सडतं, आणि झुडपं शिरतात.

या शहरात ते तोंड एकदा सरकारदरबारी भांडणाचा विषय झालं होतं. आज जिथे आझाद मैदान आहे, त्या कॅम्प मैदानावर गुरं फुकट चरत. 1838 मध्ये ब्रिटिशांनी चराईवर शुल्क बसवलं. ते न परवडणाऱ्यांच्या उपाशी गुरांसाठी जमशेटजी जीजीभॉय यांनी पदरचे 20 हजार रुपये घालून ठाकूरद्वारजवळ, समुद्राच्या बाजूला कुरण विकत घेतलं. चर्नी रोड हे नाव या चराईवरूनच, असं गिरगावकर सांगतात. भुलेश्वरच्या पांजरापोळेतही त्यांचा हात होता, ती 1834 ची. लोकलची गर्दी जिथे उतरते त्या चर्नी रोड स्टेशनच्या फलाटाजवळ कधी हंबरणं ऐकू येत असेल, यावर माझा विश्वास बसायला वेळ लागतो. आज त्या बाजूला गाय भेटते ती देवळाबाहेर, खुंट्याला बांधलेली. शेजारी बसलेली बाई चाऱ्याच्या पेंढ्या विकते, पुण्य रोख मिळतं.

आझाद मैदानाच्या गवताला नंतर चेंडू मिळाला. 1948 मध्ये सुरू झालेली, पावसाळ्यात खेळली जाणारी क्रिकेटची कांगा लीग ही उंच गवताचीच शाळा. जमिनीवरून मारलेला फटका चार हातांवर अडकतो, म्हणून फलंदाज चेंडू उचलून मारायला शिकतो. मुंबईच्या क्रिकेटचा थोडा खडूसपणा त्या न कापलेल्या गवतानं घडवला असं मला तरी वाटतं.

रेसकोर्सच्या 211 एकरांतली 120 एकर जागा महापालिकेकडे आणि 91 एकर टर्फ क्लबकडे, असा निर्णय 2024 मध्ये झाला. उद्यान होईल, कारंजी येतील, लॉन येईल. लॉन म्हणजे तुरा यायच्या आधी कापलेलं गवत. माझी मागणी लहान आहे: एखादा पट्टा ऑक्टोबरपर्यंत न कापता ठेवावा, मुनिया पाखरांना बी मिळेल.

ट्रॅक्टर कुंपणापर्यंत पोचत नाही. तिथलं गवत एक माळी विळ्यानं कापत होता, भारा बांधून सायकलच्या कॅरिअरवर लादत होता. बकरीसाठी, म्हणाला. मागे एवढं कापून पडलंय ते का नेत नाही, विचारलं. तो हसला. "ते नाही खात ती, काका. डिझेलचा वास येतो त्याला. हुंगते आणि माझ्याकडेच बघत बसते."